वर्तुळ आणि दोनशे चौदा चौकटी

१ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ६.१५

नवी वही. याआधीच्या तीन रोजनिश्या अकराव्या पानावर थांबल्या. कागद चांगला नव्हता. ही वही जाड आहे.

कोणी वाचावी म्हणून लिहीत नाही. अक्षर मात्र नीट काढतोय. सवय.

शनिवारी पत्र आलं. राष्ट्रीय मंडळाकडून, शिक्क्यानिशी. यंदापासून स्वतंत्र शाळांनाही राष्ट्रीय अभ्यासक्रमाची मानकं लागू. कुठल्या इयत्तेच्या मुलाला काय काय यायला हवं, याची यादी सोबत जोडली आहे. त्याला म्हणतात 'अध्ययन निष्पत्ती'. औषधाच्या बाटलीवर लिहिलेलं काहीतरी वाटतं. एकूण दोनशे चौदा निष्पत्ती, प्रत्येकीपुढे एक रिकामी चौकट. चौकटी शाळेने भरायच्या. नोव्हेंबरात तपासनीस येणार. त्याचं समाधान झालं नाही तर जूनपासून मान्यता बंद, म्हणजे शाळा बंद.

दुसरा कोणी असता तर घाबरला असता. मला आनंद झाला. बावीस वर्षं मी बिनपुस्तकाची, बिनपरीक्षेची शाळा चालवतोय. सकाळी फळ्यावर एक प्रश्न लिहायचा. पाणी ओलं का असतं? सावलीला वजन असतं का? दिवसभर मुलांनी त्याच्या मागे जायचं. एवढीच पद्धत. बावीस वर्षांत मंडळाला माझी आठवण झाली नव्हती. आता झाली.

संकल्प: रोज साडेपाचला उठायचं आणि चार पानं लिहायची. पन्नास दिवसांत दोनशे पानांचा माझा स्वतःचा अभ्यासक्रम तयार. तो पाहिल्यावर मंडळच आपली यादी बदलेल. शिवाय बायकोला आपणहून फोन करायचा नाही. तिला करू दे.

२ सप्टेंबर

पावणेआठला उठलो. गजराचा दोष.

शिक्षकांची मीटिंग घेतली. चौघीजणी आणि मी. पत्र वाचून दाखवलं, मग माझी भूमिका मांडली. पन्नास मिनिटं. मध्ये कोणी एक शब्द बोललं नाही, इतका विषय पोचला. शेवटी गणिताच्या बाईंनी विचारलं की सर, ते सगळं ठीक, पण चौकटी कोण भरणार? या बाई नऊ वर्षं माझ्याकडे आहेत, कामाला चोख, पण नजर जवळची. मी म्हणालो, ज्यांच्याकडे दृष्टी नसते ते चौकटी भरतात. बाई म्हणाल्या, बरं सर. मग यादीची एक झेरॉक्स मागून घेतली. उत्सुकता आहे म्हणजे. चांगली गोष्ट.

ऑफिसातून बाहेर पडलो तेव्हा शाळेच्या मावशींनी नेहमीप्रमाणे दोन टोल दिले. मी ऑफिसचं दार उघडलं की त्या घंटेवर दोन टोल देतात. सात वर्षं हा नेम त्यांनी कधी मोडला नाही. मी कधी सांगितलेलं नाही. माणसं मनातून मान देतात तो असा.

५ सप्टेंबर, शुक्रवार

बायकोचा फोन. (मी केला. पण फक्त विचारायला, की तिने केला होता का.)

ती मुलीकडे आहे, त्याला चौदा महिने झाले. नातू नीट बोलायला लागेपर्यंत थांबते म्हणाली होती. नातू आता साडेतीन वर्षांचा आहे, अखंड बोलतो. पण मुलांच्या बोलण्यात टप्पे असतात, हे मी शिक्षक असल्याने जाणतो.

तिने तिचे गरम कपडे पाठवायला सांगितले. सगळे. म्हणजे थंडी संपेपर्यंत राहणार असं दिसतं. मार्चमध्ये येईल.

कपाटाची तिची बाजू रिकामी झाल्यावर माझे शर्ट पसरून लावले. आता शर्ट चांगले राहतील.

१० सप्टेंबर

मोठी प्रगती. मंडळाची यादी उभ्या-आडव्या रेघांची आहे. ज्ञान असं रेघांत बसत नाही. ज्ञान वर्तुळाकार असतं! हे मला आंघोळ करताना सुचलं. डोक्याला साबण तसाच ठेवून बाहेर आलो आणि लिहून घेतलं.

चार्टपेपर आणला. जेवायची थाळी उपडी ठेवून बाहेरचं वर्तुळ काढलं. आत सात कडी. मध्यभागी: जिज्ञासा. पहिलं कडं: निरीक्षण. दुसरं: प्रश्न. तिसरं: अजून ठरायचं आहे. यालाच म्हणायचं 'जिज्ञासा-वर्तुळ'.

पानं आज झाली नाहीत. पण वर्तुळ म्हणजे पन्नास पानांच्या बरोबरीचं.

१४ सप्टेंबर, रविवार. दुपारी ३

घर शांत. लिहायला आदर्श वातावरण.

शांततेचा पुरेपूर उपयोग करायचा म्हणून आधी टेबल आवरलं. मग खिडक्या पुसल्या. मग टेबल खिडकीपाशी नेलं, उजेड फार आला, परत आणलं. आज दिवसभरात मी एकूण चार वाक्यं बोललो. त्यातली दोन कुकरशी.

तिसरं कडं सुचत नाही.

२७ सप्टेंबर, शनिवार

पालकसभा. त्रेसष्ट मुलं, त्यातल्या एकोणीस जणांचे पालक आले. उरलेल्यांचा माझ्यावर इतका विश्वास आहे की यायची गरज वाटत नाही.

पत्राची बातमी फुटली आहे. एका वडिलांनी उभं राहून विचारलं की पुढच्या शाळेत प्रवेशाला माझी मुलगी कमी तर पडणार नाही ना. मी वर्तुळ उलगडलं. बोललो. मध्ये एकदा पाहिलं तर पाचसात जण गणिताच्या बाईंकडे बघत होते आणि बाई हळूच मान हलवत होत्या, वरखाली. माझ्या मुद्द्यांना दुजोरा. वडील खाली बसले. नंतर पालक बाईंभोवती घोळका करून उभे होते. माझं बोलणं त्यांना सोप्या भाषेत सांगत असणार. मोठ्या विचाराला असा मधला माणूस लागतोच.

बाईंनी मागच्या अडगळीच्या खोलीची किल्ली कायमची स्वतःकडे मागितली. दिली. मी त्या खोलीत पाय ठेवत नाही, धुळीने शिंका येतात.

५ ऑक्टोबर, रविवार

बायकोने शिलाई मशीन मागवलं. मी म्हणालो, अगं, मार्चला येणार ना तू, एवढं लोखंड कशाला नाचवायचं? ती म्हणाली, पाठवा हो. पडदे शिवायचे असतील मुलीकडे. सहा महिन्यांत किती पडदे शिवून होतील, याचा हिशोब केला. बरेच.

मशीन हलवल्यावर मागे भिंतीला चौकोनी डाग निघाला. तिथे खुर्ची ठेवली. त्या खुर्चीवर कोणी बसत नाही पण जागा भरलेली दिसते.

१६ ऑक्टोबर. संध्याकाळी ५

मुलीचा फोन. स्वतःहून केला. वर्षातून दोनतीनदा करते, कामात असते फार.

सांगत होती की नातवाचा पुढच्या वर्षाचा प्रवेश झाला. घराजवळच्या साध्या शाळेत. गणवेश, पुस्तकं, घटक चाचण्या, सगळं. मी म्हणालो, तू माझ्या शाळेची पहिली विद्यार्थिनी. त्याला त्या चरकात घालतेस? ती म्हणाली, बाबा, फॉर्म भरून झालाय. मग म्हणाली, तब्येत सांभाळा.

रागावलो नाही. तिला चार पानी पत्र लिहिलं. संकल्पातली आजची चार पानं अशा रीतीने पूर्ण. फोटो काढून पाठवलं. निळ्या खुणा उमटल्या, म्हणजे वाचलं. विचार करत असणार.

१७ ऑक्टोबर

अजून विचार करते आहे.

३१ ऑक्टोबर

हिशोब. पन्नास दिवसांत दोनशे पानं व्हायची होती. साठ दिवसांत नऊ झाली. त्यातली सहा प्रस्तावनेची. पण प्रस्तावना वाचल्यावर पुढचं वाचायची गरजच राहत नाही, इतकी ती नेमकी आहे.

तिसऱ्या कड्यात तूर्त 'इत्यादी' लिहिलं.

तपासनिसाचं पत्र आलं. १८ नोव्हेंबर, सकाळी नऊ. गणिताच्या बाई आणि बाकीच्या तिघी हल्ली शाळा सुटल्यावर दीडदोन तास थांबतात. काय करता विचारलं तर म्हणाल्या, थोडी आवराआवर. मीही थांबू का म्हटलं. नको सर, तुम्ही दमला असाल. काळजी घेतात. घरी गेलो. घरी जाऊन काय करणार होतो ते आठवलं नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

सगळी तयारी झाली. भाषण पाठ. आरशासमोर दोनदा म्हटलं, दुसऱ्या वेळी जास्त चांगलं झालं. उद्याचा प्रश्न निवडला: 'मोजता न येणारं काय काय असतं?' टोला आहे. मंडळाला कळेल.

बायकोला मेसेज केला की उद्या तपासणी. तिने लगेच उत्तर पाठवलं: बाईंवर सोडा. सगळं नीट होईल.

बाईंवर? घाईत टाइप केलं असणार. 'स्वतःवर' म्हणायचं असेल.

१८ नोव्हेंबर. संध्याकाळी ६

विजय!

क्रमवार लिहितो. तपासनीस नऊला पाच कमी असताना हजर. बारीक माणूस, सर्दी झालेला, हातात क्लिपबोर्ड. प्रत्येक गोष्टीवर बरोबरची खूण करतो म्हणून मी त्याचं नाव 'टिकमार्क' ठेवलं. ऑफिसात बसवून भिंतीवरचं वर्तुळ समजावलं. चाळीस मिनिटं. त्याने एकच प्रश्न विचारला, याची वरची बाजू कुठली. मी म्हणालो, तोच तर मुद्दा आहे, याला वरची बाजू नाही. त्याने नाक पुसलं. मग म्हणाला, आता मी बाईंबरोबर वर्गांवर जाऊन येतो, तुम्ही इथेच बसा, तुमच्या असण्याने मुलं बुजायला नकोत. मला पटलं.

तीन तास बसलो. मावशींनी दोनदा चहा आणला. एकदा बाहेर डोकवायला उठलो तर मावशी धावत घंटेकडे गेल्या. आज नको टोल, म्हटलं, आणि पाचवीच्या खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो.

आत टिकमार्क एका मुलीला विचारत होता, पाऊण म्हणजे किती चतुर्थांश. दोन वेण्यांची, चुणचुणीत. तिने सांगितलं. मग त्याने अपूर्णांकांची वजाबाकी विचारली. तिने फळ्यावर करून दाखवली, आणि छेद समान का करायचा तेही सांगितलं. मग नकाशा. मग क्रियापदं. वर्गातले सगळे हात वर. माझे डोळे भरून आले. यातलं एक अक्षर यांना कोणी शिकवलेलं नाही! फक्त प्रश्न विचारले, आणि ज्ञान आतून उगवलं.

जाताना टिकमार्कने माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, तुमच्याकडे माणसं चांगली आहेत. त्याच्या काखेत एक जाडजूड फाइल होती. माझ्या प्रस्तावनेच्या प्रती असाव्यात.

१९ नोव्हेंबर

सुचलेली कामं: एक, पद्धतीवर पुस्तक. दोन, व्याख्यानमाला. तीन, मंडळाने सल्लागार म्हणून बोलावलं तर काय सांगायचं, ते ठरवणे. आठवड्यातून दोन दिवस, त्याहून जास्त नाही.

बायकोला फोन करून खिडकीतून पाहिलेलं सगळं सांगितलं. ती म्हणाली, बाईंना माझा नमस्कार सांगा. परत बाई.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार. दुपारी ४

आज काय झालं ते लिहायचं की नाही, कळत नाही. लिहितो.

वर्तुळाला फ्रेम करायची म्हणून अडगळीच्या खोलीतली हातोडी आणि खिळा हवा होता. गणिताच्या बाई रजेवर, मुलाच्या लग्नाची खरेदी. किल्ली मावशींकडे होती. मावशी देईनात. आधी म्हणाल्या सापडत नाही, मग म्हणाल्या आत पाल आहे. मी म्हटलं, मावशी, किल्ली तुमच्या हातातच आहे.

अडगळीच्या खोलीत अडगळ नव्हती. धूळही नव्हती, शिंक आली नाही. भिंतीला लोखंडी कपाट, त्यात पुस्तकं. राष्ट्रीय अभ्यासक्रमाची. पहिली ते सातवी, इयत्तेप्रमाणे गठ्ठे, सगळ्यांना खाकी कव्हरं. खालच्या खणात मुलांच्या वह्या. चाचण्यांचे पेपर, मार्क दिलेले. माझ्या शाळेत मार्क! वरच्या खणात नोंदवह्या, दर वर्षाची एक.

मावशी दारात उभ्या होत्या. मी काही विचारलं नव्हतं. त्याच सांगायला लागल्या. सकाळी तुमचा प्रश्न होतो, साडेदहाला तुम्ही ऑफिसात जाऊन लिहायला बसता, मग आम्ही पुस्तकं काढतो. तुम्ही बाहेर आलात की मी दोन टोल देते. मग पुस्तकं बाकाखाली.

सर्वात जुनी नोंदवही काढली. चौदा वर्षांपूर्वीची. पहिल्या पानावर तारीख आणि 'पाचवी, गणित, अपूर्णांक, उजळणी'. अक्षर ओळखायला वेळ लागला नाही. किराण्याच्या याद्यांमधून पस्तीस वर्षं तेच अक्षर पाहतो आहे.

बायकोचं.

खिळा घ्यायचा राहिला.

२२ नोव्हेंबर, शनिवार

फोन केला. ओरडायचं असं ठरवून केला होता. मुद्दे काढले होते कागदावर.

पहिला मुद्दा सांगून झाल्यावर ती म्हणाली, ऐका आता. मुलगी तेरा वर्षांची होती, आठवतं का? दुसऱ्या शाळेत आठवीला गेली ते वर्ष. मी म्हटलं, आठवतं, उत्तम चाललं होतं तिचं. ती म्हणाली, बाथरूमचा नळ सोडून रडायची, रोज. वर्गात मुलं हसायची तिला. साधी अपूर्णांकांची बेरीज येत नव्हती, आणि सांगायची कोणाला? ज्यांची शाळा, ते घरीच. मी तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, तिला आतून उगवेल. ते वर्ष तिचं गेलं. मग मी दुकानात जाऊन सात इयत्तांची पुस्तकं आणली. दुसऱ्या कोणाच्या मुलीचं असं व्हायला नको. तुम्ही ऑफिसात लिहायला बसलात की मीच वर्गात जाऊन शिकवायची. पुढे बाई आल्या, त्यांच्या हाती सोपवलं.

मी म्हटलं, मला का नाही सांगितलंस? म्हणाली, सांगितलं हो. एकदा नाही, चारदा. तुम्ही दर वेळी मला समजावलंत.

मग फोन मुलीने घेतला. मागे नातू कसल्यातरी गाडीचा आवाज काढत होता. ती म्हणाली, बाबा, मला राग नाही आता. होता. आता लेकराच्या शाळेचा फॉर्म भरला तेव्हा गेला. मी म्हणालो, ते वर्ष तू मैत्रिणींमध्ये रमली होतीस, असं मी समजत होतो. ती म्हणाली, मला मैत्रिणी नव्हत्या, बाबा.

उरलेले मुद्दे वाचले नाहीत.

२३ नोव्हेंबर, रविवार

काही नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

शांतपणे विचार केला. तसं पाहिलं तर पुस्तकं असली तरी प्रश्न माझेच होते. जमीन मी नांगरली म्हणून त्यांचं पीक आलं. एकूण पद्धतीचा विजयच म्हणायचा, संयुक्त विजय.

असं लिहिलं तरी परत वाचताना ते वाक्य बसत नाही. उद्या सुधारीन.

शाळेत मावशी आता टोल देत नाहीत. मी दार उघडलं की नुसत्या बघतात. कॉरिडॉरमधून जाताना वर्गांत पुस्तकं उघडी दिसतात. मुलं वर बघतात, मग परत खाली. बाईंशी विषय काढला नाही. त्यांनीही नाही. फक्त विचारलं, सर, चहा घेणार का. घेतला. दोघं उभ्यानेच प्यायलो. बाई म्हणाल्या, तुमच्या प्रश्नांच्या तासाला मुलं फार खूश असतात हो सर. खरंच. मी कपाकडे बघत होतो.

१२ डिसेंबर, शुक्रवार

मंडळाचा अहवाल.

मान्यता मिळाली. पाच वर्षं. दोनशे चौदापैकी दोनशे एक चौकटी समाधानकारक. एकही मूल रस्त्यावर येणार नाही. शिक्षकखोलीत चौघीजणी एकमेकींच्या गळ्यात पडल्या, मावशी पदराने डोळे पुसत होत्या. मी दारात उभा राहून टाळ्या वाजवल्या.

अहवालात खाली एक अट आहे. मुख्याध्यापकाकडे अध्यापनाची पदवी असणं आवश्यक. माझ्याकडे नाही. मी विम्याच्या ऑफिसातून आलो, जिद्दीवर. म्हणून जानेवारीपासून गणिताच्या बाई मुख्याध्यापिका. अर्थात हा फक्त कागदोपत्री बदल.

वर्तुळाबद्दल एक ओळ आहे: 'परिशिष्टात जोडलेला शालेय परिसराचा नकाशा सुवाच्य आहे.'

१३ डिसेंबर, शनिवार

ऑफिस बाईंना लागणार. माझं टेबल कॉरिडॉरच्या टोकाला, पाण्याच्या टाकीशेजारी हलवलं. ऊन छान येतं. मुलं पाणी प्यायला येतात, तेवढाच संपर्क. मला 'संस्थापक-मार्गदर्शक' म्हणायचं ठरलं आहे. (मी सुचवलं. कोणी नको म्हणालं नाही.)

बायकोला फोन केला. म्हटलं, आता मी मोकळा आहे. तू ये. मार्चपर्यंत थांबायची गरज नाही, थंडीतच ये, दोघं मिळून कुठेतरी फिरून येऊ.

ती म्हणाली, मी येणार नाही हो.

मी म्हटलं, म्हणजे एप्रिल?

ती म्हणाली, गेल्या वर्षी निघतानाच सांगितलं होतं. मग परत यंदाच्या मार्चात. कपडे मागवले, मशीन मागवलं, बँकेत पत्ता बदलला. अजून कसं सांगायचं? भांडण नाही आपलं. पण पस्तीस वर्षं मी एका बाजूने बोलत होते आणि तुम्ही फळ्याकडे तोंड करून उभे होता. इथे एक लहानशी शाळा आहे, दुपारी दुसरीचा वर्ग सांभाळते. मुलं मला आजीबाई म्हणतात. बरं वाटतं.

मी विचारलं, पुस्तकातून शिकवतेस? म्हणाली, पुस्तकातून.

मग म्हणाली, सुट्टीत आठ दिवस या. नातवाला भेटा. फक्त जेवताना शिक्षणावर बोलायचं नाही.

आठ दिवस न बोलता कसा राहीन म्हणतोय. इथे महिनोन्महिने राहतो आहेच.

१५ डिसेंबर, सोमवार. संध्याकाळी ७

सकाळी टेबलापाशी बसलो. पेन्सिलींना टोक केलं. सगळ्या.

दहाच्या सुमारास गणिताच्या बाई आल्या. पाचवीच्या बाईंना ताप आहे, वर्ग मोकळा आहे, सर, घ्याल का? मी म्हणालो, कुठला प्रश्न घेऊ? बाईंनी पुस्तक पुढे केलं. म्हणाल्या, पान एकसष्ट.

गेलो. मुलं उभी राहिली, बसली. पुस्तकं उघडली. मी पान एकसष्ट काढलं. अपूर्णांकांची बेरीज. आयुष्यात पहिल्यांदा हातात पुस्तक घेऊन वर्गासमोर उभा होतो, आणि हात कुठे ठेवायचे ते कळेना. दोन वेण्यांची पहिल्या बाकावर. मी गप्प उभा राहिलेला पाहून हळूच म्हणाली, सर, आधी वरचं उदाहरण वाचायचं. मग आपण करायचं. वाचलं. फळ्यावर करायला घेतलं. अर्धा अधिक एक अष्टमांश. वरचे आकडे मिळवले, खालचे आकडे मिळवले, उत्तर लिहिलं: दोन दशांश.

वर्गात कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. ती म्हणाली, सर, अर्ध्याहून कमी झालं. मिळवल्यावर कमी कसं होईल?

चांगला प्रश्न होता. मी बावीस वर्षं फळ्यावर प्रश्न लिहिले, हा सुचला नव्हता. मी खडू तिच्या हातात दिला. तिने करून दाखवलं. सगळ्यांनी वहीत उतरवून घेतलं. मी समजल्यासारखी मान हलवली. तास संपला.

जिन्यात बाई भेटल्या. ताप उतरलेला नाही, उद्याही घ्याल का? मी म्हटलं, वेळापत्रक बघून सांगतो. टेबलाशी जाऊन डायरी उघडली. उद्याचं पान कोरं. परवाचंही. परत जाऊन घेतो म्हणालो.

पुस्तक घरी आणलं. पान बासष्ट, स्वाध्याय. पहिली दोन गणितं चाळली. तिसरं करून पाहिलं, मागचं उत्तर वेगळं. परत केलं. परत वेगळं. उद्या अकरा मुलं समोर असणार.

कोणाला विचारायचं? गणिताच्या बाईंना विचारायची लाज वाटते. बायको या वेळी नातवाला बागेत नेते.

मुलीला फोन केला. वाटलं, उचलणार नाही. उचलला. घाबरून म्हणाली, बाबा, काय झालं, बरे आहात ना? मी म्हटलं, बरा आहे. ते छेद समान करायचं असतं ना, ते कसं करायचं?

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

मग म्हणाली, वही-पेन घ्या.

घेतलं. तिने सावकाश सांगितलं. मी मध्ये बोलायला गेलो तर म्हणाली, आधी ऐका. मला कळलं नाही. तिने परत सांगितलं. परत कळलं नाही. तिसऱ्यांदा सांगितलं, पहिल्या दोन वेळांइतकंच सावकाश.

आता येतं. स्वाध्यायातलं तिसरं आणि चौथं स्वतः केलं. पाचवं नाही जमत. पाचव्यासाठी उद्या सकाळी आठच्या आत फोन करा म्हणाली. त्यानंतर तिला ऑफिस असतं.